वाचक विचारतात : कोरियन कादंबऱ्या, कविता आणि त्यांचे अनुवाद

प्रश्न : नोबेल मिळालं म्हणून हान कांग यांचं 'द व्हेजिटेरियन' हौसेनं वाचायला घेतलं. नायिका स्वतः जवळपास बोलतच नाही आणि प्रत्येक भागात सांगणारं माणूस बदलतं. माझं वाचायचं काही चुकतंय का? त्यांचंच पुढे काय वाचू?

उत्तर : तुमचं काही चुकत नाही. हे पुस्तक म्हणजे आधी मासिकांतून सुट्या छापून आलेल्या तीन दीर्घकथा आहेत. त्या २००४-०५मध्ये वेगवेगळ्या अंकांत आल्या आणि २००७मध्ये एकत्र पुस्तक झालं. पहिली नवऱ्याच्या तोंडून येते, दुसरी बहिणीच्या नवऱ्याच्या अंगानं, तिसरी मोठ्या बहिणीच्या. दुसऱ्या कथेला तर २००५मध्ये एकटीलाच यी सांग पुरस्कार हा कथेसाठीचा मानाचा पुरस्कार मिळाला होता. अशा जोडकथांच्या कादंबरीला कोरियनमध्ये 'योन्जाक सोसोल' म्हणतात, आणि तिथे हा प्रकार चांगलाच रुळलेला आहे. तिथला लेखक पुढे येतो तोच मुळी वर्तमानपत्रांच्या नववर्षाच्या साहित्यस्पर्धांतून आणि त्रैमासिकांतून. हान कांग यांच्या कविता १९९३मध्ये त्रैमासिकात आल्या, १९९४मध्ये 'सोल शिनमुन'च्या स्पर्धेत त्यांची कथा निवडली गेली. कथेएवढ्या मापात विचार करायची सवय तिथून लागते. चो से-ही यांची 'द ड्वार्फ' (१९७८) ही झोपडपट्टी पाडण्यावरची कादंबरीही अशाच बारा कथांची आहे.

नायिकेचा स्वतःचा आवाज पहिल्या भागातल्या स्वप्नांच्या तुकड्यांत आहे, तिरप्या टायपात छापलेला. घाईत वाचणारे नेमके तेच ओलांडून जातात. परत उघडाल तेव्हा आधी फक्त ते तुकडे सलग वाचून काढा.

यानंतर 'ह्यूमन ॲक्ट्स' घ्या. मात्र एवढं माहीत असू द्या : १७ मे १९८० रोजी चुन दू-ह्वान यांच्या लष्करी गटानं मार्शल लॉ देशभर लागू केला, १८ तारखेला ग्वांग्जू शहरात विद्यार्थ्यांवर छत्रीधारी सैनिक तुटून पडले, शहर उठलं, आणि २७ मेच्या पहाटे सैन्यानं प्रांतिक कचेरी परत ताब्यात घेतली. कादंबरी हे समजावून सांगत बसत नाही, कारण कोरियन वाचकाला त्याची गरज नसते. पहिल्या प्रकरणात 'तू' म्हणून ज्याच्याशी बोललं जातं तो प्रेतांची नोंद ठेवायला मदत करणारा शाळकरी मुलगा दोंग-हो आहे. दुसऱ्यात त्याच्या मेलेल्या मित्राचा आत्मा बोलतो. इंग्रजी आवृत्तीत प्रकरणांच्या शीर्षकाशेजारी साल आहे : १९८०, १९८५, १९९०, २००२, २०१०, २०१३. ते न बघता पुढे गेलात की तिसऱ्या प्रकरणातली संपादिका कोण आणि तिला थपडा का बसतात, याचा पत्ता लागत नाही.

त्यानंतर 'वी डू नॉट पार्ट'. तिची पार्श्वभूमी जेजू बेटावरची. ३ एप्रिल १९४८ला तिथे उठाव झाला आणि त्यानंतर सामान्य लोकांची सर्रास कत्तल झाली. 'द व्हाइट बुक' सगळ्यात शेवटी ठेवा. त्यात कथानक नाही, पांढऱ्या वस्तूंवरची छोटी टिपणं आहेत. आमच्या मते ते सुंदर पुस्तक आहे, पण सुरुवात त्यानं केली की बरेचजण हान कांग यांना कायमचा रामराम ठोकतात.

प्रश्न : 'द व्हेजिटेरियन'च्या इंग्रजी अनुवादात ढीगभर चुका आहेत असं ऐकलं. मग वाचण्यात अर्थ काय?

उत्तर : डेबोरा स्मिथ यांच्या अनुवादाला २०१६चं मॅन बुकर इंटरनॅशनल मिळालं आणि त्यानंतर मूळ कोरियनशी ताडून पाहणाऱ्यांनी चुका दाखवल्या, हे खरं. काही किरकोळ होत्या, जसं की पायाच्या जागी हात. जास्त महत्त्वाची चूक वेगळी होती : वाक्य एकाचं आणि नाव दुसऱ्याचं. कोरियनमध्ये कर्ता सर्रास गाळतात. मराठीतही आपण 'आली का?' एवढंच विचारतो, पण आपल्याला निदान क्रियापदावरून बाई की बुवा ते कळतं. कोरियन क्रियापदाला लिंगही नाही आणि (मी, तू, तो असा) पुरुषही नाही. इंग्रजीत मात्र 'ही' किंवा 'शी' लिहिल्यावाचून गत्यंतर नाही, तेव्हा अनुवादकाला प्रत्येक वेळी ठरवावं लागतं आणि तिथेच पाय घसरतो. दुसरा आक्षेप शैलीचा : मूळ गद्य कोरडं, इंग्रजी जरा जास्त नटलेलं. हा आक्षेप आम्हाला पटतो. तरी पुस्तकाचा सांगाडा, तिन्ही कथांची रचना, नवऱ्याचा तो थंडपणा इंग्रजीतही शाबूत आहे. वाचा.

शंका राहिलीच तर त्याच लेखिकेचं दुसऱ्या हातचं काही वाचून पाहा. 'वी डू नॉट पार्ट' ई. येवॉन आणि पेज अनिया मॉरिस या दोघींनी मिळून केलंय. कोरियनमधून अशा जोड्या बऱ्याच दिसतात. 'द ड्वार्फ'चे ब्रूस आणि जू-चान फुल्टन हे त्यातलं जुनं नाव.

प्रश्न : कोरियन कविता वाचायची आहे. अगदी जुनं नको.

उत्तर : किम हेसून या कवयित्रीपासून सुरुवात करा. 'ऑटोबायोग्राफी ऑफ डेथ'चा डॉन मी चोई यांनी केलेला अनुवाद घ्या, त्याला २०१९चं कवितेसाठीचं ग्रिफिन पारितोषिक मिळालं. मृत्यूनंतर पुनर्जन्मापर्यंत ४९ दिवस जातात या बौद्ध समजुतीवर ४९ कविता बेतल्या आहेत, एका दिवसाला एक. मागे अनेक अकाली मरणं आहेत, त्यात १६ एप्रिल २०१४ला बुडालेली सेवोल बोटही. त्या बोटीवर ३०४ जण गेले, बहुतेक सहलीला निघालेली शाळकरी मुलं. अधूनमधून पान उघडू नका, क्रमानंच वाचा.

'जुनं नको' म्हणालात तरी यी सांग (१९१०-१९३७) चुकवू नका, तो आजच्या अनेकांपेक्षा नवा वाटतो. शिक्षणानं वास्तुविशारद, खरं नाव किम हे-ग्योंग. १९३४मध्ये वर्तमानपत्रात त्याची 'कावळ्याच्या नजरेतून' ही कवितामाला सुरू झाली. पहिल्या कवितेत तेरा मुलं रस्त्यावरून धावतात. पहिलं मूल म्हणतं भीती वाटते, दुसरं म्हणतं भीती वाटते, असं एकेक करत तेराव्यापर्यंत. चौथ्या कवितेत आरशात दिसावेत तसे उलटे आकडे ओळींनी मांडलेत, वर रोग्याच्या प्रकृतीचा प्रश्न आणि खाली डॉक्टर म्हणून कवीची सही. वाचकांनी एवढा गदारोळ केला की १५ कवितांवर माला बंद करावी लागली. (वाचकांच्या पत्रांची ताकद आम्हीही जाणून आहोत.)

प्रश्न : ग्रंथालयाच्या सूचीत कोरियन लेखक सापडतच नाहीत.

उत्तर : आडनाव आधी, हे पहिलं. 'हान' हे आडनाव. पण इंग्रजी मुखपृष्ठावर काहीजण क्रम उलटा करतात : 'कर्स्ड बनी'वर बोरा चंग असं छापलंय, त्यातलं आडनाव चंग. दुसरी अडचण रोमन स्पेलिंगची. सरकारनं २०००मध्ये नवी पद्धत आणली, मोठी ग्रंथालयं जुनी मॅक्यून-राइशाउअर पद्धत वापरतात आणि लेखक स्वतःला हवं तसं लिहितात. म्हणून ली, यी, री हे एकच आडनाव. पार्क आणि पाकही एकच. यावर सोपा उपाय म्हणजे पुस्तकाचं इंग्रजी नाव आणि अनुवादकाचं नाव टाकून शोधणं.

प्रश्न : मला कोरियन येतं. एखादी कादंबरी मराठीत आणायची तर सुरुवात कशी करू?

उत्तर : अख्खं पुस्तक अनुवादून मग परवानगी मागायला जाऊ नका, सगळ्यात जास्त मेहनत अशीच वाया जाते. आधी मूळ पुस्तकाचं कॉपीराइटचं पान बघा, त्या प्रकाशकाकडे मराठीचे हक्क मोकळे आहेत का ते विचारा, मग एखादं प्रकरण नमुन्यादाखल करा आणि आपल्याकडचा प्रकाशक गाठा. सोलमधली लिटरेचर ट्रान्सलेशन इन्स्टिट्यूट ऑफ कोरिया अनुवादकाला आणि परदेशी प्रकाशकाला अशी वेगवेगळी अनुदानं देते. प्रकाशकाच्या अनुदानासाठी हक्क घेतल्याचा करार लागतो.

हक्कांची कटकट नको असेल तर यी सांग, किम सोवोल (१९०२-१९३४) किंवा युन दोंग-जू (१९१७-१९४५) घ्या. कोरियात लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं कॉपीराइट असतो, पण १९६२ संपेपर्यंत गेलेल्यांचं लेखन मुदतवाढीआधीच मुक्त झालंय. ही मुभा मूळ कोरियन कवितांपुरतीच धरा. त्यांचे अलीकडचे इंग्रजी अनुवाद त्या त्या अनुवादकाच्या मालकीचे आहेत, तेव्हा इंग्रजीवरून मराठी करायचं झालं तर त्यांची परवानगी लागेलच.