एकाच वेळी खारट, अल्कधर्मी आणि गरम पाण्यात सूक्ष्मजीव कसे जगतात? एक संकट सोसणाऱ्याला दुसरं आपोआप सोसतं का?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, म्हणून तिथूनच सुरुवात करते. कधी कधी सोसतं. पण बऱ्याचदा एका संकटाची तजवीज दुसऱ्याच्या वेळी आडवी येते.

आपोआप सोसण्याचं उदाहरण म्हणजे डायनोकॉकस रेडिओड्युरान्स. १९५६ साली अमेरिकेत ऑरेगॉनमध्ये डबाबंद मांसावर गॅमा किरणांचा मारा करून ते निर्जंतुक करण्याचे प्रयोग चालू होते. तरीही एक डबा खराब झाला आणि त्यात हा जीवाणू सापडला. माणसाचा जीव घेणाऱ्या माऱ्याच्या हजारपट किरणोत्सर्ग तो झेलतो. आता एवढा किरणोत्सर्ग निसर्गात कुठेच नाही, मग ही ताकद आली कुठून? कोरडेपणातून. पेशी वाळली की डीएनएचे तुकडे पडतात, तसेच किरणांनीही पडतात. तुकडे सांधायची सोय एकच, ती दोन्हीकडे चालते. जनुकांत बदल झालेल्या ज्या वाणांना किरण सोसत नाहीत, ते वाळवल्यावरही मरतात, हे १९९६ साली दाखवलं गेलं.

मीठ आणि अल्काची गोष्ट वेगळी. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. वनविभागाची परवानगी काढून आम्ही लोणारच्या सरोवराचं थोडं पाणी आणलं होतं. बोटांवर घेतलं तर साबणासारखं बुळबुळीत लागतं, कारण त्याचा सामू, म्हणजे पीएच, दहाच्या आसपास असतो. २०२० च्या जूनमध्ये हेच सरोवर गुलाबी झालं होतं, आठवत असेल. बाष्पीभवनाने पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि गुलाबी रंगद्रव्य असलेले मीठप्रिय आर्किया (जीवाणूंसारखेच दिसणारे, पण वेगळ्या गटातले एकपेशीय सूक्ष्मजीव) माजले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून हेच कारण सांगितलं.

हे आर्किया वाढवायला संयम लागतो. माध्यमात वीस टक्क्यांच्या वर मीठ घालायचं, सोडियम कार्बोनेट वेगळं ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करून, मागाहून मिसळायचं, प्लेटा सुकू नयेत म्हणून पिशवीत गुंडाळून ठेवायच्या. मग कधी दोन-तीन आठवड्यांनी डाळिंबाच्या दाण्याच्या रंगाचे बारीक ठिपके दिसतात. त्यातलं थोडं मी विद्यार्थ्यांसमोर काचपट्टीवर घेतलं आणि वर साध्या ऊर्ध्वपातित पाण्याचा थेंब सोडला. गढूळपणा बघता बघता गेला आणि थेंब चिकट झाला, सुईने उचलला तर तार निघाली. पेशी फुटून डीएनए बाहेर आला होता. या पेशी आत पोटॅशियम क्लोराइड भरून ठेवतात, आणि त्यांची प्रथिनं त्या मिठातच नीट घडीत राहतात. म्हणजे मीठ त्यांना नुसतं सोसत नाही, त्याच्याशिवाय त्या उभ्याच राहू शकत नाहीत. वर्गात दहा तास बोलून जे पटलं नसतं, ते त्या एका थेंबाने पटलं.

आता तुमच्या तिहेरी संकटाकडे येते. इजिप्तमधल्या वादी नत्रून इथल्या सोड्याच्या तळ्यांत नॅट्रॅनिरोबियस थर्मोफिलस नावाचा जीवाणू सापडला. तो ५३ अंश सेल्सिअसला, साडेनऊ सामूला आणि समुद्राच्या सुमारे सातपट सोडियम असलेल्या पाण्यात सर्वात चांगला वाढतो, तेही प्राणवायूशिवाय. इथे अडचणी एकमेकींत कशा गुंततात ते बघा. बाहेर अल्क आहे, तर पेशीला आतलं वातावरण जरा सौम्य ठेवायचंय. त्यासाठी ती सोडियम बाहेर ढकलून त्याच्या बदल्यात आम्लता आणणारे हायड्रोजनचे आयन आत ओढते. पण बाहेर सोडियमचा महापूर आहे, तो सतत आत घुसू पाहतो. त्यात उष्णतेने पेशीपटल गळकं होतं, म्हणजे घुसखोरी आणखी वाढते. तिन्ही संकटांचा भार शेवटी त्याच एका पडद्यावर आणि त्याच पंपांवर येतो. म्हणून या जीवाणूकडे असे अदलाबदल करणारे पंप एक-दोन नाहीत, डझनभर आहेत, आणि प्रत्येक पंपाला ऊर्जा मोजावी लागते. मला या जीवाणूबद्दल खरंच आदर वाटतो.

थंडी आणि मीठ यांचं मात्र बरं जमतं. अंटार्क्टिकातलं डीप लेक समुद्राच्या दहापट खारट आहे. त्या मिठामुळेच त्याचं पाणी उणे वीस अंशांपर्यंत गोठत नाही, आणि तिथे हॅलोरुब्रम लॅकसप्रोफंडी नावाचा मीठप्रिय आर्किया आरामात राहतो.

पण प्रत्येक जोडी जमतेच असं नाही. इथिओपियातल्या डल्लोल इथे पिवळीहिरवी उकळती कुंडं आहेत. त्यांचा सामू शून्याच्या आसपास असतो, म्हणजे पाणी कमालीचं आम्ल, आणि वर मिठाची संपृक्तता. २०१९ मध्ये एका गटाने तिथे अतिसूक्ष्म आर्किया असल्याचं सांगितलं. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने काटेकोर तपासणी करून सर्वात आम्ल, सर्वात खारट कुंडांत जिवंत काहीच नसल्याचा निष्कर्ष काढला. माझा कल दुसऱ्या गटाकडे आहे. शून्य सामूत जगणारे सूक्ष्मजीव जगात आहेत, संपृक्त मिठात जगणारेही आहेत. दोन्ही एकत्र पेलणारा कुणी अजून खात्रीने हाती लागलेला नाही.