बॅशच्या प्रॉम्प्टमध्ये गिटची ब्रँच दाखवण्याचा खरंच उपयोग होतो, की नुसती सजावट? माझ्याकडे तर ब्रँच बदलली तरी नाव जुनंच राहतं.

नाव जुनंच राहतंय म्हणजे पीएस१ ची, म्हणजे प्रॉम्प्टमध्ये काय दिसावं हे ठरवणारी, ओळ तुम्ही दुहेरी अवतरणात लिहिली असणार. मग आतली कमांड टर्मिनल उघडताना एकदाच चालते आणि तेव्हाची ब्रँच तिथे चिकटून बसते. एकेरी अवतरण करा. गिटसोबत येणारी प्रॉम्प्टची स्क्रिप्ट बॅशआरसीत, म्हणजे टर्मिनल उघडताना बॅश वाचतं त्या फाइलीत, सोर्स केलेली असेलच.

आता 'नुसती सजावट'. आधीच्या नोकरीत आमचे लीड सर हेच म्हणायचे. "प्रॉम्प्ट म्हणजे काय गणपतीचं मखर आहे, सजवत बसायला?" त्यांचा प्रॉम्प्ट म्हणजे नुसता एक डॉलर. ब्रँच बघायचीय? गिट स्टेटस मारा, बोटं झिजतात का! वर सबब, 'मशीन स्लो होतं'.

एका रिलीजच्या आदल्या संध्याकाळी सरांनी रीबेस (आपले कमिट नव्या पायावर एकेक करून पुन्हा बसवणं) सुरू केला. मध्येच कॉन्फ्लिक्ट आला. तो सोडवला आणि 'कंटिन्यू' द्यायच्या ऐवजी सवयीने कमिट मारला. तेवढ्यात क्लायंटचा कॉल. परत आले ते रीबेस अर्धवट आहे हे विसरूनच. त्यावर आणखी दोन फिक्स कमिट केले आणि फीचर ब्रँच चेकआउट केली. कमिट मागे राहतायत, कुठल्याच ब्रँचवर नाहीत, असं गिटने बजावलंसुद्धा, पण ते वाचतो कोण? बघतात तर फिक्स गायब. "फोर्स पुश कोणी केलं?" (म्हणजे सर्व्हरवरचं काम पुसून आपलं कोणी चढवलं) म्हणत अख्ख्या टीमची हजेरी घेतली, नव्याने लागलेल्या एका मुलीला तर पार रडवलं. शेवटी मी त्यांच्याच मशीनवर रीफ्लॉग, म्हणजे गिटने ठेवलेली हालचालींची नोंद, काढला. सगळे कमिट ओळीने तिथेच होते. चेरी-पिक करून, म्हणजे एकेक उचलून ब्रँचवर आणून, दिले. त्या मुलीला सॉरी म्हणणं राहिलं ते राहिलंच.

माझ्याकडे अशा वेळी ब्रँचच्या नावापुढे उभी रेघ आणि 'रीबेस ३/७' असं दिसत राहतं. स्टेटसही हेच सांगतं, मान्य. पण स्टेटस माणूस शंका आली की मारतो. सरांना शंका कुठे आली होती?

तेव्हा लावाच. 'शोडर्टीस्टेट' चालू केलंत की * म्हणजे स्टेज न केलेला (पुढच्या कमिटसाठी अजून न निवडलेला) बदल, + म्हणजे स्टेज केलेला. 'शोअपस्ट्रीम'ला 'ऑटो' दिलंत की < म्हणजे रिमोटच्या मागे, > म्हणजे पुढे, <> म्हणजे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. रंगांचं तुमचं तुम्ही बघा. फक्त रंगाचे कोड बॅकस्लॅशवाल्या चौकटी कंसात घाला, नाहीतर लांब कमांड त्याच ओळीवर चढते.

हां, रेपो अवाढव्य असेल तर * आणि + पायी प्रत्येक एंटरला प्रॉम्प्ट अडखळतो. तेवढ्या रेपोच्या कॉन्फिगमध्ये बॅशचं 'शोडर्टीस्टेट' फॉल्स करा. ब्रँचचं नाव आणि रीबेसची खूण मात्र राहू द्या, त्यासाठी गिटला तुमच्या फायली तपासाव्या लागत नाहीत. त्यामुळे 'मशीन स्लो होतं' ही सबब, सर, तेव्हाही खोटीच होती.