वाचकांचे प्रश्न : नव्या गावात मन रमत नाही

प्रश्न : पतीच्या बदलीमुळे फेब्रुवारीत आम्ही चिपळूणहून जळगावला आलो. उन्हाळाभर घराबाहेर पडवले नाही, शेजारणींची बोलीही नीट कळत नाही. फार एकटे वाटते. काय करावे?

उत्तर : ताई, आपण नेमक्या कठीण काळात आलात. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि दुपारी रस्ते ओस पडतात. त्यामुळे लोकांनी आपल्याला दूर ठेवले, असे कृपया मानू नका. फिरणे, भाजी आणणे सकाळीच उरकावे. मेहरूण तलावाकाठी तेव्हा पुष्कळ माणसे भेटतात.

बोलीविषयी मात्र थोडे अधिक सांगावेसे वाटते. अहिराणी असो वा लेवा गणबोली, कानावर पडत राहिली की ती कळू लागते. न कळलेला शब्द संकोच न करता विचारा, शिकवणाऱ्या शेजारणीलाही त्याचा आनंदच होईल. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी आणि भरीत कसे करतात, हे तिच्याच स्वयंपाकघरात उभे राहून शिका व तिला सोलकढी शिकवा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशची देवी कानबाई घरी बसवतात. कोणी दर्शनाला बोलावले, तर अवश्य जा.