रस्त्यात पडलेलं उचलून आणणं हा आजार आहे का?

"मॅडम, हे सायकलवरून येताना थांबून थांबून रस्त्यावरचं काय काय उचलून आणतात, हे डोक्याचं काही नाही ना?" हा प्रश्न मला समुपदेशनात फिरून फिरून येतो. कधी बायको विचारते, कधी सून, एकदा तर एका कॉलेजच्या मुलीनं स्वतःबद्दलच विचारलेलं. आणि हल्ली मोबाईलवर ते होर्डिंगचे, म्हणजे सामान साठवत राहण्याच्या आजाराचे, व्हिडिओ फिरतात ना, छतापर्यंत सामान भरलेली घरं, ते बघून लोक खरंच घाबरून येतात. त्यातल्या एका जोडप्याबद्दल लिहितेय, त्यांना विचारून लिहितेय, आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

काका पन्नाशीच्या पुढचे, पुण्याजवळ भोसरी एमआयडीसीत एका कारखान्यात टूलरूमला. राहायला बोपोडीत. रोज सायकलनं हॅरिस ब्रिजवरून दापोडी, फुगेवाडी, कासारवाडी, नाशिक फाटा आणि तिथून भोसरी. आता हा रस्ता ज्यांना माहितीये त्यांना कळेल की तिथं दिवसभर माल भरलेले टेम्पो ट्रक धावतात, खड्ड्यात आदळले की काहीतरी गळतंच. नट, बोल्ट, वॉशर, ताडपत्रीची दोरी, सामान बांधायचे हुकवाले रबर, एखादा पाना. काकांची नजर ते बरोबर टिपते. सायकलवर वेगच तेवढा असतो की डांबरावरचं सगळं दिसतं, गाडीवाल्याला ते दिसणारच नाही. मेट्रोचं काम चालू होतं तेव्हा तर (फुगेवाडीपर्यंतची मेट्रो मार्च २०२२ मध्ये सुरू झाली) त्यांच्या म्हणण्याप्रमाणे दिवाळीच होती. पण बॅरिकेडच्या आतलं कधी उचललं नाही, ते साइटचं, ते पडलेलं नाही, ठेवलेलं आहे, हा फरक त्यांनी मी न विचारताच सांगितला आणि मी तो लिहून ठेवला.

काकूंची तक्रार तीन गोष्टींची होती. घरी यायला उशीर होतो. सोसायटीत कोणीतरी मुलाला "तुझे बाबा भंगार गोळा करतात का" असं विचारलं, आणि त्यावरून मुलगा बापाशी धड बोलत नाही. आणि तिसरी, जी त्या बोलता बोलता हळू आवाजात बोलल्या, "हे असंच वाढत गेलं तर?"

आधी आजाराचं सांगते, कारण भीती तिथलीच आहे. साठवण्याचा आजार खरंच असतो, २०१३ मध्ये डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरतात त्या पुस्तकात, त्याला स्वतंत्र निदान म्हणून जागा मिळाली, त्याआधी तो ओसीडीचाच (तेच तेच विचार आणि कृती थांबवता न येण्याचा आजार) एक भाग धरायचे. पण त्यात बघायचं असतं ते माणूस किती आणतो यापेक्षा त्याला सोडता येतं का. वस्तूची किंमत काहीही असो, ती टाकायची म्हटलं की जीव कासावीस होतो, आणि मग पसारा इतका वाढतो की स्वयंपाकघरात स्वयंपाक करता येत नाही, पलंगावर झोपता येत नाही. अशी घरं मी बघितलीयेत. एका आजींच्या फ्लॅटमध्ये दारापासून बाथरूमपर्यंत जेमतेम एक पाऊलवाट उरलेली, गॅस पेटवणं कधीच बंद झालेलं, आणि मुलीनं एक जुना पेपर हलवला तरी आजी थरथरायच्या. तो आजार. त्याला आळस किंवा घाण म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण ते माणूस आत किती त्रासात असतं हे बाहेरून दिसत नाही.

काकांच्या घरी काय होतं तर गॅलरीत दोन पत्र्याचे डबे आणि एक खोका. नट एका डब्यात, बोल्ट दुसऱ्यात, मापाप्रमाणे पिशव्या करून. काकूंनी फोटो दाखवला तेव्हा मलाच ते बघून बरं वाटलं.

तरी मी फोटोवर थांबत नाही. काकांना दोन कामं दिली. एक, पुढच्या वेळी येईपर्यंत डब्यातलं थोडं कोणालातरी देऊन टाकायचं आणि देताना आणि नंतर मनात काय होतं ते मला सांगायचं. दुसरं, जाताना एखादी वस्तू दिसली, अगदी आवडीची, तरी न थांबता पुढे जायचं, आणि ती ओढ किती वेळ टिकते ते बघायचं. हे दुसरं आजारावरच्या उपचारातही वापरतात, कारण तिथे न उचलता पुढे जाणं हीच सगळ्यात अवघड गोष्ट असते.

काका आले ते खुशीत. एक पिशवीभर नटबोल्ट त्यांनी दापोडीच्या एका पंक्चरवाल्याला दिले आणि त्यानं लगेच त्यातला एक एका पोराच्या मडगार्डला लावला, हे सांगताना चेहरा बघण्यासारखा होता. आणि न उचललेला एक रबर? "कासारवाडीपर्यंत डोक्यात होता मॅडम, मग सिग्नलला विसरलो." हे ऐकलं की माझ्यासारखीला निम्मं उत्तर मिळतं.

बऱ्याच जणांना वाटतं की अशा सवयीमागे काहीतरी दुःख दडलेलंच असणार, लहानपणीची गरिबी, कोणाचं तरी जाणं. मी विचारते ते, विचारायलाच हवं. पण काकांकडे तसलं काही निघालं नाही. त्यांना फक्त वाया गेलेलं बघवत नाही, आणि खिळा उचलला तर मागून येणाऱ्याचं एक पंक्चर वाचतं, एवढंच. प्रत्येक आवडीखाली जखम शोधत बसू नये असं माझं स्पष्ट मत आहे, माणसाला एखादी गोष्ट नुसती आवडूही शकते.

जखम होती ती काकूंकडे. त्यांच्या वडिलांचं साताऱ्याकडचं घर शेवटी पेपरचे गठ्ठे, रिकामे डबे, तुटक्या छत्र्या यांनी भरून गेलेलं, आणि वडील गेल्यावर ते सगळं काकूंनी एकटीनं उपसलं, भाऊ आलाच नाही. मग नवऱ्यानं पिशवीतून एक स्प्रिंग काढली की त्यांना ते घर दिसायचं. हा आजार घराण्यात चालतो हे त्यांनी कुठेतरी वाचलेलं. ते खरंय, पण ते रक्ताच्या नात्यात, आणि काकांचं तुमच्या वडिलांशी रक्ताचं नातं नाही हो काकू, असं म्हटल्यावर त्या आधी हसल्या आणि मग खूप रडल्या. पुढची बरीच सेशन्स त्यांच्या एकटीची झाली आणि ती व्हायलाच हवी होती.

काकांशी मात्र मी एका गोष्टीवर कडक बोलले, ते म्हणजे थांबण्याची पद्धत. मागे ट्रक आहे आणि समोर पाना दिसला म्हणून गचकन ब्रेक, हे चालणार नाही. ठरलं असं की वस्तू दिसली तरी सायकल पुढे न्यायची, मागे बघून हात दाखवून डाव्या कडेला घ्यायची, उतरायचं, आणि चालत मागे येणं सुरक्षित असेल तरच यायचं. पुलावर आणि नाशिक फाट्याच्या चौकात थांबायचं नाही म्हणजे नाही. सुया, तुटकी काच, औषधाच्या बाटल्या यांना हात नाही. आणि बंद बॅग किंवा डबा तर अजिबातच नाही, पुण्यात हे वेगळं सांगायला नको, फेब्रुवारी २०१० चा जर्मन बेकरीतला बॉम्बस्फोट आपण विसरलेलो नाही. तसं काही दिसलं तर लांब व्हायचं आणि ११२ ला फोन.

पाकीट, मोबाईल, दागिना, कागदपत्रं हे सापडलं तर ते 'सापडलं म्हणून माझं' होत नाही, हेही बोललो. मालकाला शोधायचा रीतसर प्रयत्न न करता ते ठेवून घेणं किंवा वापरणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हा ठरू शकतं. काकांना कलम माहीत नव्हतं पण एका शाळकरी मुलाचं आयकार्ड ते दुसऱ्याच दिवशी वाकडी वाट करून शाळेत देऊन आले होते. हे घरी त्यांनी सांगितलंच नव्हतं. मुलाला ते माझ्यासमोर कळलं.

मुलाशी एकदाच बोलणं झालं. त्याला लाज बापाची वाटत नव्हती, 'भंगारवाला' या शब्दाची वाटत होती. मी त्याला विचारलं, या शहरात ज्या कचरावेचक बायका 'स्वच्छ' या सहकारी संस्थेतून दारोदार कचरा गोळा करतात, वेगळा करतात, त्यांच्याशिवाय तुझ्या सोसायटीचं आठ दिवसात काय होईल? तो बराच वेळ गप्प बसला. नंतर बापाबरोबर रविवारी जुन्या बाजारात गेला, डब्यातलं जास्तीचं विकायला, असं काकूंकडून कळलं. आता डबे भरले की बुधवारी किंवा रविवारी जुना बाजार, हा घरचा नियमच झालाय. उशीर होणार असेल तर काका फोन करतात.

घरच्यांना एक विनंती, त्या माणसाच्या मागे गुपचूप फेकाफेकी करू नका. आजार नसेल तर विनाकारण भांडण होतं, आणि आजार असेल तर तो माणूस तुमच्यावरचा विश्वास गमावतो आणि उरलेलं अजून घट्ट धरतो. आधी बघा की तो स्वतःहून कोणाला काही देऊ शकतो का, न उचलता पुढे जाऊ शकतो का, घरात चालायला, झोपायला, शिजवायला जागा आहे का. यातलं उत्तर 'नाही' येत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना किंवा समुपदेशकाला भेटा. लगेच जमत नसेल तर टेली मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.