सगळं अल्लाहच्या वाटेवर देऊन टाकू का?

दापोली तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावातून हा प्रश्न आलाय. वाचक ५८ वर्षांचे, उभी हयात जहाजावर काढून आता घरी परतलेत. पेन्शन नाही. बचत खात्यात ३४ लाख आहेत, पण व्याज नको म्हणतात. हापूसची चाळीस कलमं कराराने दिलेली, त्याचे वर्षाला साठ-सत्तर हजार येतात. घरखर्च महिना २५ हजार, मुलगी बी. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला, मेव्हण्याचे २ लाख देणं. बेत असा: दोघांची हज, मशिदीच्या कामाला १० लाख, उरलेलं गोरगरिबांना. जहाजावरचा त्यांचा वसईचा ख्रिस्ती दोस्त म्हणाला, येशूनेही श्रीमंत तरुणाला हेच सांगितलं होतं. ते लिहितात, ‘पैसा जवळ असला की जीव त्यातच अडकतो. बायको म्हणते, तुम्ही कराल ते. फक्त कौलांचं तेवढं बघा म्हणते, दोन पावसाळे ताडपत्रीवर काढलेत.’

भाई, तुमची भीती खरी आहे. ती घालवण्यासाठी व्याजाचे आकडे दाखवणारा सल्लागार मी नाही. पण सगळं देऊ नका, असंच मी सांगेन, आणि ते तुमच्याच दीनच्या, म्हणजे धर्माच्या आधाराने.

तुमच्या मनात पैगंबरांचे सोबती अबू बक्र असणार. पैगंबरांनी दान मागितलं तेव्हा दुसरे सोबती हजरत उमर यांनी निम्मी मालमत्ता आणली, अबू बक्र यांनी घरातलं होतं नव्हतं ते सगळं आणलं, आणि पैगंबरांनी ते स्वीकारलं. पण काब इब्न मालिक हे सोबती सगळं द्यायला निघाले, तेव्हा त्याच पैगंबरांनी सांगितलं की थोडं स्वतःजवळ ठेव, त्यात तुझं भलं आहे. आणखी एक सोबती साद इब्न अबी वक्कास आजारी असताना दोन तृतीयांश द्यायची परवानगी मागत होते. त्यांना एक तृतीयांशावर थांबवलं आणि तेही पुष्कळ आहे म्हणाले. वारसांना लोकांपुढे हात पसरायला लावण्यापेक्षा सुस्थितीत ठेवून जाणं बरं, हे कारणही सांगितलं. भारतातल्या मुस्लिम कायद्यातही वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्राने एक तृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाही. हयातीत दिलेल्या दानाला ही मर्यादा नाही, म्हणून तर तुम्हाला अडवणारं कोणी नाही. पण हात गळ्याला बांधून ठेवू नकोस आणि अगदी मोकळाही सोडू नकोस, नाहीतर पस्तावून बसशील, हे कुरआनच्या १७व्या सूरेत, म्हणजे अध्यायात आहे. सोनंचांदी साठवणाऱ्यांना ९व्या सूरेत कडक इशारा आहे, तो वाचून तुम्ही घाबरला असाल. पण ज्याची जकात, म्हणजे दरवर्षीचं सक्तीचं दान, दिली तो माल त्या साठ्यात येत नाही, असं अनेक विद्वान सांगत आले आहेत.

आता तुमच्या दोस्ताची गोष्ट. बायबलमध्ये मार्कच्या शुभवर्तमानात १०व्या अध्यायात ती आहे. तो तरुण खिन्न होऊन निघून गेला, कारण त्याच्याकडे पुष्कळ मालमत्ता होती. त्याचा जीव जिथे गुंतला होता, नेमकं तिथेच बोट ठेवलं गेलं. लूकच्या १९व्या अध्यायात करवसुली करणारा जक्कय निम्मं गोरगरिबांना द्यायला आणि फसवून घेतलेलं चौपट परत करायला तयार होतो. तेवढ्यावर येशू म्हणतो, आज या घराला तारण मिळालं. सगळं दे, असं त्याला म्हणत नाही. देव आणि धन या दोघांची चाकरी एकदम होत नाही, हे येशूचं म्हणणं सगळ्यांसाठी आहे, त्यातून सुटका कोणाचीच नाही. पण गरिबीचं व्रत कॅथलिकांमध्ये संन्यस्त घेतात, आणि त्यांना बायकामुलं नसतात. बायबलमध्येच पौलाच्या नावाने तीमथ्याला लिहिलेल्या ज्या पहिल्या पत्रात पैशाचा लोभ सगळ्या वाइटाचं मूळ म्हटलंय, त्याच पत्रात स्वतःच्या घरच्यांची तरतूद न करणाऱ्याला अविश्वासणाऱ्यापेक्षाही वाईट ठरवलंय. दोस्ताला हेही वाचून दाखवा.

माझं म्हणणं एवढंच, की ज्याचं देणं अल्लाहनेच तुमच्यावर ठेवलंय, ते आधी फेडा. मेव्हण्याचे २ लाख याच महिन्यात. आणि मेहर, म्हणजे निकाहात बायकोला द्यायची कबूल केलेली रक्कम? तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही. निकाहनामा काढून बघा. रक्कम उधार राहिली असेल तर ते वहिनींचं कर्ज आहे, त्यांनी कधी मागितलं नाही म्हणून फिटत नाही. ‘तुम्ही कराल ते’ म्हणणाऱ्या बाईच्या डोक्यावर ताडपत्री ठेवून मशिदीचा स्लॅब ओतणं मला पटत नाही. कौलं, वासे, रिपा मिळून ३ लाख धरा आणि मे संपायच्या आत काम उरका.

हजसाठी माणशी ४ लाख, म्हणजे ८ लाख बाजूला काढा. हज ऐपत असणाऱ्यावरच फर्ज, म्हणजे सक्तीची आहे, आणि परत आल्यावर घर चालणं हा त्या ऐपतीचाच भाग आहे. वर्ष उलटलेल्या शिलकीवर अडीच टक्के जकात, म्हणजे लाखाला २,५०० रुपये. आपल्याकडे बहुतेक घरं इस्लामी कायद्याचं शाफई मत मानणारी. त्या मतात वापरातल्या दागिन्यांवर जकात नाही, तरी वहिनींच्या सोन्याचं मौलानांना विचारून घ्या. मुलीच्या शिक्षणाला ३ लाख.

उरतात साधारण सतरा लाख. त्यातून मशिदीला आणि गरजूंना मिळून ३ लाख द्या, आणि यंदाच द्या. पुढे ढकललेलं दान बहुतेक वेळा राहूनच जातं, हे मी अनेक घरांत बघितलंय. व्याज नको म्हणता, म्हणून मुदत ठेव सुचवत नाही. गावच्या बाजारपेठेत दहा-अकरा लाखांचा गाळा मिळाला तर महिना पाचेक हजार भाडं येईल. पण मालकीचे कागद वकिलाला दाखवल्याशिवाय बयाणा देऊ नका. शरियतच्या निकषांवर चालणारे म्युच्युअल फंड आहेत, टाटा एथिकल त्यातलाच. पण तो शेअर बाजार आहे, दोन लाखांच्या वर तिथे नको. बाकीचे घरखर्चाला हाताशी राहू द्या. बचत खात्यावर पडलेलं व्याज पुण्याची अपेक्षा न ठेवता वाटून टाकायची पद्धत तुम्हाला माहीत असेलच.

गाळा आणि बाग मिळून महिन्याला दहा-अकरा हजार होतात, २५ हजारांना ते पुरत नाहीत. हाताशी ठेवलेले वर्ष-दोन वर्षांत संपतील. म्हणून ५८व्या वर्षी पूर्ण घरी बसू नका. जहाजावर इंजिनाचं काम केलं असेल तर हर्णै बंदरात बोटींच्या दुरुस्तीची विचारणा करा, आणि पुढच्या हंगामापासून निम्मी कलमं करारातून सोडवून स्वतः बघा.

निकाहनाम्यातली मेहरची रक्कम आणि जहाजावरचं नेमकं काम कळवा. यातला एकेक आकडा वहिनींसमोर वाचा, आणि त्या काय म्हणाल्या तेही लिहा. मग पुढच्या पाच वर्षांचा तक्ता करून देतो.