सिम्युलेटरमध्ये कॉन्कॉर्ड मॅक १च्या पुढे गेलं की नाक खाली का घालतं?

नवीन जॉयस्टिक मागवायच्या आधी थांबा. तुमची ठणठणीत आहे. हिथ्रोहून निघालात, ब्रिस्टल चॅनलवर वेग वाढवलात, मॅक १ म्हणजे ध्वनीचा वेग ओलांडला आणि विमान हट्टाने खाली जायला लागलं, असं तुम्ही लिहिलंय. खऱ्या कॉन्कॉर्डचीही, ध्वनीपेक्षा वेगाने उडणाऱ्या त्या प्रवासी विमानाची, तीच खोड होती. म्हणजे तुमचं मॉडेल करणाऱ्याने गृहपाठ नीट केलाय! (उतरताना साडेबारा अंश झुकवतात ते नाक वेगळं, त्याचा इथे संबंध नाही.)

ध्वनीपेक्षा वेग वाढला की पंखांची उचल जिथे एकवटते ती जागा मागे सरकते, कॉन्कॉर्डमध्ये जवळपास दोन मीटर. साहजिकच शेपूट वर, नाक खाली. पंखांच्या मागच्या कडेचे एलेव्हॉन, म्हणजे हलत्या झडपा, वर करून नाक सावरता येतं, पण त्याने हवेचा अडथळा वाढतो आणि इंधन भसाभसा जळतं. म्हणून वजनच मागे न्यायचं: पुढच्या टाक्यांतलं इंधन पंपाने मागे, मुख्यतः शेपटीतल्या ११ नंबरच्या टाकीत. थोडंथोडकं नाही, सुमारे २० टन. गुरुत्वमध्य, म्हणजे विमानाचं वजन जिथे तोललं जातं ती जागा, पंखाच्या लांबीच्या किती टक्के मागे आहे असं मोजतात: उड्डाणाच्या वेळी ५३.५च्या आसपास, मॅक २ला (ध्वनीच्या दुप्पट वेगाला) ५९च्या. कॉकपिटमध्ये त्याचा स्वतंत्र काटा आहे. वेग वाढेल तसा तो दोन खुणांच्या मधे राहायला हवा.

खऱ्या विमानात हे सगळं तिसरा माणूस, फ्लाइट इंजिनियर, बघायचा. आपण घरी एकटेच, त्यात फोन वाजतो.

आणि जाताना जे केलं ते येताना उलटं करायचं असतं. मी पहिल्यांदा न्यूयॉर्क गाठलं तेव्हा ५५ हजार फुटांवर इतका खुशीत होतो की वेग कमी करताना इंधन पुढे आणायचं साफ विसरलो. उचल पुढे आली, वजन मागेच. नाक वर, आणखी वर, मग तीन तासांची मेहनत अटलांटिकमध्ये. चहा मात्र अजून गरम होता.

तुमच्या मॉडेलमध्ये आभासी इंजिनियरची सोय असेल तर सुरुवातीला खुशाल चालू ठेवा. मी कीबोर्डला चिठ्ठी चिकटवलीय: "वेग कमी = ११ रिकामी".