न्यूट्रिनो (कशाशी फारसे न अडखळणारे अतिहलके कण) हेच डार्क मॅटर (न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणाने जाणवणारं द्रव्य) असू शकतं का?
साधे न्यूट्रिनो? नाही जमत. इन्फ्लेशननंतर (विश्व अगदी सुरुवातीला झपाट्याने फुगलं त्यानंतर) रिहीटिंगमधे, म्हणजे त्या फुगण्यातली ऊर्जा कणांमधे उतरली तेव्हा, विश्व तापलं, मग बिग बँगनंतर साधारण 1 सेकंदाला न्यूट्रिनो बाकीच्या कणांपासून सुटले, आजही सरासरी दर घन सेंटिमीटरला 336 आहेत, तुमच्या चहाच्या कपात पण! पण वस्तुमान अगदी नगण्य आणि तेव्हा पळत होते जवळपास प्रकाशाच्या वेगाने. आमच्या नाशकात गोदेला पूर येतो, पाणी नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागतं, तेव्हा धारेत गाळ बसतो का? पाणी संथ झालं की बसतो, मग दुकानदार फावड्याने काढत बसतात. तसंच गॅलेक्सी जमायला संथ कण लागतात. स्टराईल न्यूट्रिनो (साध्या न्यूट्रिनोचा कल्पलेला भाऊ, जो बाकी कणांशी जवळपास संबंधच ठेवत नाही) जड असल्याने चालू शकेल, पण अजून सापडलेला नाही, शिवाय रिहीटिंगचं तापमान फारच कमी असेल तर मिक्सिंगने, म्हणजे साध्या न्यूट्रिनोचं रूपांतर होऊन, तो तयारच कमी होतो.